आमच्या घराण्यात असं नव्हतं

"माझ्यामुळेच झालं का?" बाळाच्या आनुवंशिक आजाराचं निदान झालं की हा प्रश्न घेऊन आई माझ्याकडे समुपदेशनाला येते, बहुतेकदा एकटीच. म्हणून दुसऱ्या भेटीला मी अख्खं घर बोलावते. माझा विश्वास आहे की अपराधीपणा एकटीच्या मनात तयार होत नाही, तो घरात तयार होतो.

परभणी जिल्ह्यातलं एक कुटुंब (ओळखीचे तपशील बदलले आहेत). बाळाला एडीए-स्किड, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती जवळजवळ नसण्याचा आनुवंशिक आजार. अ‍ॅडिनोसिन डिअ‍ॅमिनेज हे विकर (एन्झाइम) नसल्यानं विषारी द्रव्यं साचतात, संसर्गाशी लढणाऱ्या लिम्फोसाइट पेशी मरतात आणि साधा संसर्गही जिवावर बेततो. हे विकर बाहेरून देता येतं. १९९०चं पहिलं औषध गाईच्या आतड्यातून काढलेलं होतं. या बाळाला २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं नवं औषध चालू होतं. आठवड्यातून दोनदा स्नायूत सुई. आई म्हणायची, "माझं पाप लेकरू भोगतंय." सासू म्हणायच्या, "आमच्या घराण्यात असं नव्हतं."

मी सासूबाईंना विचारलं, "सून नात्यातली का?"

"भावाचीच लेक केली की."

मग कागदावर वंशावळ काढली. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. या आजारात एक चांगली असली तर माणूस ठणठणीत राहतो. बाळाला दोन्ही सदोष आल्या. नवरा-बायकोचं आजोळ-माहेर एकच, तेव्हा दोष बहुधा तिथूनच दोन वाटांनी उतरला होता.

सासूबाईंनी बोट ठेवलं. "ही वाट माझ्यावरून जाते?"

"बहुधा."

इथे मी मुद्दाम थांबले. दोषाचा हिशेब मांडला असता तर तो एका बाईवरून दुसरीवर गेला असता, एवढंच. मी म्हणाले, "तुम्ही ते निवडलं नव्हतं. हिनंही नाही."

बऱ्याच वेळानं त्या सुनेला म्हणाल्या, "पोरी, मी उगं तुलाच बोलत राहिले." सून रडली आणि कित्येक महिन्यांनी त्यांना 'आत्या' म्हणाली. असे क्षण मी घाई न करता येऊ देते. माझ्या कामातलं मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

पुढची कामं घरानं वाटून घेतली. औषधाचं फ्रिज आणि लोडशेडिंगमध्ये बर्फाचा डबा बापाकडे, पण औषध गोठू द्यायचं नाही. सुईच्या दिवशी बाळाला धरायचं आत्यांकडे. मी त्यांना सांगितलं, सुया म्हणजे कायमचा इलाज नव्हे, वर्षं उलटतात तसा परिणाम ओसरू शकतो. म्हणून अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचं डॉक्टरांशी आत्ताच बोला, भावंडांची जुळणी तपासून घ्या. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के असतो, गर्भाची तपासणी होऊ शकते. आणि नवं बाळ जन्मलं तर तपासणीचा निकाल येईपर्यंत बीसीजीसारखी जिवंत (दुबळे केलेले जिवंत जंतू असलेली) लस देऊ नका, हे दवाखान्यात आधीच सांगून ठेवा.