क्लच ओरिजिनल टाकायचा की बाहेरचा?

प्रश्न : गाडी नऊ वर्षांची आहे, वॉरंटी कधीच संपली. क्लच गेलाय, पुढचे ब्रेक पॅड झिजलेत, एक आरसा फुटलाय आणि एअर फिल्टर बदलायचाय. सगळं ओरिजिनल घेतलं तर आणीबाणीसाठी ठेवलेल्या पैशांना हात लावावा लागेल. आफ्टरमार्केट, म्हणजे बाहेरच्या कंपन्यांचे पार्ट निम्म्या किमतीत मिळतात. गाडी अजून तीन वर्षं वापरून विकणार आहे. काय करू?

उत्तर : निम्मी होते ती पार्टची किंमत, बिल नाही. क्लचसाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो आणि त्याची मजुरी पार्ट कुठलाही असला तरी तेवढीच. समजा ओरिजिनल सेट (क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग) टाकून सगळं काम १०० ला पडतं, त्यात पार्ट ६० आणि मजुरी ४०. बाहेरचा सेट ३० ला मिळाला तर बिल ७०. बचत ३० टक्के. हा सेट ओरिजिनलच्या ७० टक्के अंतर चालला तर हिशेब बरोबरीत सुटतो. निम्मंच चालला तर तेवढ्याच अंतराला तुम्ही १४० मोजाल, आणि गाडी दुसऱ्यांदा गॅरेजला जाईल ती वेगळीच.

पण तुम्ही तीन वर्षांत गाडी विकणार आहात, आणि इथे गणित फिरतं. ओरिजिनल सेटचं उरलेलं आयुष्य पुढच्या मालकाला मिळणार, आणि त्याचे जादा पैसे तो काही देणार नाही. त्यामुळे तुमच्यापुरता प्रश्न एवढाच, की सेट तीन वर्षं काढेल का?

म्हणून मी मधला रस्ता धरेन. गाडीच्या कंपन्या क्लच सहसा स्वतः बनवत नाहीत. लूक, सॅक्स, व्हॅलिओ, एक्सेडी यांच्यासारख्यांकडून घेतात. गिअरबॉक्स उतरला की जुन्या प्रेशर प्लेटवर नाव कोरलेलं दिसतं का पाहा. त्याच उत्पादकाचा सेट त्याच्या स्वतःच्या खोक्यात बहुतेक वेळा स्वस्त पडतो. मात्र सेट पूर्ण घ्या. मी एकदा प्लेट चांगली टाकली आणि रिलीज बेअरिंगवर पैसे वाचवले. पाच महिन्यांत पेडल दाबलं की कर्र आवाज यायला लागला. बेअरिंग किरकोळ किमतीचं, मजुरी पुन्हा पूर्ण.

ब्रेक पॅडला मजुरी कमी, पण तिथे चूक झाली तर तिची किंमत पैशात मोजता येत नाही. बाहेरचे पॅड वाईटच असतात असं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आर ९० नियमानुसार मंजूर झालेल्या पॅडची ब्रेक लावण्याची क्षमता मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असावी लागते. अशा पॅडच्या मागच्या पत्र्यावर गोलातला इंग्रजी ई आणि ९०आर असा शिक्का असतो. शिक्का किंवा नावाजलेला उत्पादक, दोन्ही नसेल तर ओरिजिनल घ्या. एअरबॅगचा विषय तुमच्या यादीत नाही, पण कधी आलाच तर तिथे स्वस्ताचा विचारही नको.

फिल्टर बाहेरचा चालेल, फक्त कडेचं रबर घट्ट बसतंय ना ते बघा. आरसा तर भंगारातल्या गाडीचा ओरिजिनलसुद्धा चालतो. आत मोटर किंवा हीटर असेल तर मागचा प्लग जुळवून घ्या.

डुप्लिकेट हा प्रकार मात्र वेगळा. बाहेरच्या मालावर बनवणाऱ्याचं स्वतःचं नाव असतं, डुप्लिकेटवर दुसऱ्याचं. ओरिजिनल म्हणून कुणी फारच स्वस्तात देत असेल तर पार्ट नंबर पडताळा आणि पक्कं बिल मागा.

राहिला आणीबाणीचा निधी. गाडीवाचून रोजचं काम अडत असेल तर क्लच आणि ब्रेक ही आणीबाणीच आहे. तिथून पैसे काढा, कार्डावर हप्ते करू नका. फिल्टर महिन्याच्या खर्चात बसेल. आरसा ड्रायव्हरच्या बाजूचा असेल तर आत्ताच बदला. दुसऱ्या बाजूचा असला तरी पुढच्या पगारापलीकडे ढकलू नका, आणि त्याच पगारापासून निधीची भरपाई सुरू करा.