रडण्याचा अर्थ अ‍ॅप सांगेल का?

"बाळ रडलं की मला काहीच कळत नाही. प्रत्येक वेळी अ‍ॅपला विचारावं लागतं. मी कसली आई?" पाच आठवड्यांच्या मुलाची ही आई पहिलटकरीण. रडणं ओळखणारं अ‍ॅप नवऱ्याने फोनवर घेऊन दिलेलं. आदल्या संध्याकाळी अ‍ॅपने आधी 'भूक' सांगितलं, थोड्या वेळाने 'वेदना', आणि ती धास्तावली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मी विचारलं, "तेव्हा दूध पिऊन किती वेळ झाला होता?"

"दोन तास. झोपही अर्धवट झाली होती. खांद्यावर घेतल्यावर शांत झाला."

यातलं एकही अ‍ॅपने सांगितलेलं नव्हतं. ते तिच्या लक्षात आणून दिलं, मग आवाजाकडे वळले.

नवजात बाळाच्या रडण्याचा मूळ स्वर साधारण 400 ते 600 हर्ट्झचा. त्रास वाढला की स्वरतंतू ताणले जातात, स्वर चढतो, आवाज फाटतो. त्यावरून त्रास किती आहे याचा अंदाज येतो. कशाचा आहे, हे नुसत्या आवाजावरून खात्रीने सांगता येत नाही. भूक लागून बराच वेळ गेला की तेही रडणं दुखल्यासारखंच वाटू लागतं. अ‍ॅपचं उत्तर बदललं त्यात नवल नाही.

रडण्याच्या आवाजाला वैद्यकशास्त्रात किंमत आहेच. 1963 मध्ये फ्रेंच आनुवंशशास्त्रज्ञ जेरोम लेजून यांनी पाचव्या गुणसूत्राचा तुकडा नसलेल्या बाळांचं मांजरासारखं बारीक रडणं नोंदवलं. पण त्याचं निदान गुणसूत्रांच्या तपासणीनेच होतं. फोनचं ते काम नव्हे.

शिवाय रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्याच्या आसपास कळस गाठतं, तीन-चार महिन्यांत ओसरतं. संध्याकाळी जास्त. तिचं बाळ नेमकं चढावर होतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं!

अ‍ॅप काढून टाका, असं मी म्हटलं नाही. एक वही करा म्हटलं: रडण्याची वेळ, आधीचं दूध, कशाने थांबलं. लिहायचं नवऱ्याने.

"आणि काही केल्या थांबलाच नाही तर?"

रडणं एकाएकी वेगळंच वाटलं, चिरकं किंवा अगदी क्षीण झालं, बाळ दूध ओढेना, अंग गळून गेलं किंवा ताप 38 अंश सेल्सिअसवर गेला, तर वहीबिही बाजूला ठेवून लगेच डॉक्टर. यातलं काही नसेल आणि तुमचाच तोल जातोय असं वाटलं, तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवा आणि पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. रडू दे. गदागदा हलवायचं मात्र कधीही नाही. हे नवऱ्यालाही सांगा.