जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी सगळ्यांना ऑनलाइन मोफत शोधता याव्यात म्हणून घरबसल्या काही करता येतं का?

नक्कीच येतं. इंग्लंड-वेल्सच्या १८३७ पासूनच्या जन्म-विवाह-मृत्यू सूचींसाठी फ्रीबीएमडी ही वेबसाइट आहे, इतर देशांसाठी फॅमिलीसर्च ही वेबसाइट. दोन्हीकडे स्वयंसेवक लागतात. अमेरिकेची १९४० ची जनगणना २०१२ मध्ये खुली झाली, तेव्हा स्वयंसेवकांनीच काही महिन्यांत तिची नावांची सूची तयार केली!

स्कॅन केलेलं पान बघून नाव, तारीख टाइप करायची, एवढंच काम. पण अक्षर लावताना कस लागतो. जुन्या इंग्रजी हस्ताक्षरात जोडून आलेल्या दोन 'एस'पैकी पहिला 'एफ'सारखा दिसतो, त्यामुळे 'रॉस'चा 'रॉफ्स' होतो आणि शोधणाऱ्याला आपला पणजोबा सापडतच नाही. म्हणून सुरुवातीला छापील पानं घ्या, हात बसला की हस्तलिखितं. स्पेलिंग चुकीचं वाटलं तरी मनाने सुधारू नका. दिवसाला अर्धा तास दिलात तरी खूप झालं.