वाचक विचारतात : धर्म पोचला कसा?

प्रश्न : ना राजाश्रय, ना सैन्य, मग ख्रिस्ती धर्म येरुशलेमहून रोमला इतक्या लवकर कसा पोचला? (वाचक, फोंडा)

उत्तर : येशूला क्रुसावर दिलं ते पिलात हा यहूदिया प्रांताचा रोमन सुभेदार असताना, म्हणजे इ. स. 26 ते 36 च्या दरम्यान. आणि 64 साली रोमला आग लागली, तेव्हा रोमन सम्राट नीरोला आळ घालायला ख्रिस्ती लोक रोममध्येच सापडले! एवढ्या थोड्या वर्षांत हे झालं, कारण वाट आधीच मळलेली होती. अंत्युखिया, करिंथ, रोम अशा शहरांत यहुद्यांची सभास्थानं होती, त्यांचं शास्त्र ग्रीकमध्ये उतरलेलं होतं आणि यहुदी नसलेली पण एकच देव मानणारी माणसंही तिथे येऊन बसत. ख्रिस्ती धर्माचा प्रचारक पौल नव्या गावात गेला की आधी सभास्थान गाठी.

या बाहेरच्या मंडळींचं घोडं अडायचं ते सुंतेपाशी, कारण यहुदी व्हायचं तर ती लागे. मोठ्या वयात ती करून घ्यायला कोण धजावणार? इ. स. 49 च्या सुमारास येरुशलेमला ख्रिस्ती पुढाऱ्यांच्या बैठकीत ही अट काढून टाकली. आमच्या मते प्रसाराची खरी किल्ली हीच. रोमन रस्ते आणि जहाजं यांचं महत्त्व त्यानंतर.

पौल दूरच्या ख्रिस्ती मंडळींना पत्रं लिहून पाठवी. त्यांचीही मदार माणसांवरच. सरकारी टपाल खाजगी माणसासाठी नव्हतं, त्यामुळे पत्र ओळखीच्या प्रवाशाकडे द्यावं लागे. रोमकरांना लिहिलेलं पत्र पौलाने सांगितलं, लेखनिक तर्तियाने उतरवून घेतलं आणि शेवटी स्वतःचाही सलाम घातला. करिंथजवळच्या किंख्रिया बंदरातल्या फिबी नावाच्या बाईने ते नेलं असं मानतात. हिवाळ्यात भूमध्य समुद्रातली जहाजं बहुतेक बंदरातच असत, जशा आपल्या होड्या पावसात किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. शरदात जहाज चुकलं की पत्र वसंतापर्यंत पडून राही.

प्रश्न : तेव्हाच्या इगर्जी (चर्च) कशा होत्या? (वाचक, मडगाव)

उत्तर : 'इगर्ज' पोर्तुगीजांकडून आला, पण त्याचं मूळ ग्रीक 'एक्लेसिया', म्हणजे जमलेली सभा. ही सभा आधी कुणाच्या तरी घरीच भरे. सीरियात दुरा-युरोपस इथे असं एक घर उत्खननात मिळालं आहे. इ. स. 240 च्या सुमारास दोन खोल्यांमधली भिंत पाडून तिथे सभेची जागा केली आणि एका लहान खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड बांधलं. पुढे पर्शियन वेढ्याच्या वेळी तटाला बळकटी म्हणून ते घर मातीने भरून टाकलं. भिंतींवरची चित्रं टिकली ती त्या मातीमुळेच.

बाप्तिस्मा कसा द्यायचा हे 'दिदाखे' या जुन्या पुस्तिकेत आहे. पाणी वाहतं हवं. नसेल तर दुसरं कुठलंही. थंड नसेल तर कोमट. तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा ओतायचं. घेणाऱ्याने आधी एक-दोन दिवस उपास करायचा.

प्रश्न : पोर्तुगीजांच्या आधी कोकणात ख्रिस्ती होते का? (वाचक, म्हापसा)

उत्तर : तसं म्हणायला आधार आहे. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की 'कल्लियाना'त पर्शियात दीक्षा मिळालेला बिशप आहे. पुष्कळ अभ्यासकांच्या मते हे मुंबईजवळचं कल्याण. पोर्तुगीजांनी गोवा घेतला 1510 साली, म्हणजे जवळजवळ हजार वर्षांनी.