पाणी कोण घालणार?

प्रश्न : ताई, मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बघते. दर वर्षी पुरंदर तालुक्यातल्या एका गावात आमचं सात दिवसांचं शिबिर असतं. रस्ते झाडतो, झाडं लावतो, पथनाट्य करतो. पुढच्या वर्षी जावं तर झाडांच्या जागी काटक्या. गावाच्या टिकाऊ विकासाला विद्यापीठांनी हातभार लावायचा म्हणजे नेमकं करायचं काय?
– एक प्राध्यापिका, कोथरूड

उत्तर : त्या काटक्या मीही पाहिल्यात. आमच्या महाविद्यालयाचं शिबिरही डिसेंबर-जानेवारीत, म्हणून झाडंही तेव्हाच लावायची. पुढे जूनपर्यंत पावसाचा पत्ता नाही. आमची मुलं खड्डे खणत होती, तेव्हा हंडा घेऊन चाललेल्या एक आजी थांबल्या. म्हणाल्या, "लावा की पोरांनो, पण पानी कोन घालनार?" मला फार लागलं ते. गावाला काय हवंय हे आम्ही विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या वर्षी फावडी नेली नाहीत. दोरी, दोरीला बांधायला वजन आणि मोजपट्टी नेली. अकरा विहिरी निवडल्या. काठापासून पाणी किती फूट खाली, हे दर महिन्याच्या एक तारखेला गावातलीच दोन मुलं मोजायची. वही गावात राहायची. आमच्या विद्यार्थ्यांनी आलेख काढून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला. आपल्या काळ्या पाषाणात पाणी साठतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. त्यामुळे एका विहिरीला मे महिन्यातही पाणी आणि बांधापलीकडची जानेवारीतच कोरडी. लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. आता ते आकड्यांत समोर आलं, आणि उन्हाळी कांदा किती लावायचा यावर भिंतीपाशीच वाद झडू लागले. ते वाद ऐकताना मला जे समाधान मिळालं, ते कुठल्या पथनाट्याने दिलं नव्हतं.

आणि पुण्यातच एक मोठं उदाहरण आहे, ते तुमच्या प्राचार्यांना जरूर सांगा. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागातली माणसं कचरा वेचणाऱ्या बायांमध्ये जाऊन काम करू लागली. त्यातून 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली, कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव पाठीशी होते. पुढे याच बायांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि 2008 मध्ये महापालिकेशी करार होऊन दारोदारचा कचरा गोळा करण्याचं काम रीतसर त्यांच्याकडे आलं. मधली पंधरा वर्षं लक्षात घ्या. सात दिवसांत हे झालं नसतं.

म्हणून माझा आग्रह एवढाच, की गाव बदलू नका. निदान पाच वर्षं एकच गाव धरा. सेवा योजनेत विद्यार्थ्याला वर्षाला 120 तास द्यायचे असतातच, त्यांतले काही गावाच्या वहीसाठी राखा. भूगोल, संख्याशास्त्र, वाणिज्य या विभागांना सोबत घ्या. बचत गटाचे हिशेब वाणिज्यच्या मुलांनी पाहिले तर त्यांनाही शिकायला मिळेल. या कामाला गुण मिळायला हवेत, त्यासाठी विद्यापीठाकडे भांडा. गुण नसतील तर घरची माणसं मुलांना पाठवत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही.

शिबिराची वाट मात्र पाहू नका. ऑक्टोबरात, पाऊस सरला की एका रविवारी जाऊन या आणि विहिरी मोजा. पाणी सगळ्यात वर असतं ते तेव्हाच. सोबत त्या गावातल्या एखाद्या बाईला घ्या, कोणती विहीर आधी आटते ते ती सांगेल.