चार वर्षं जुनं इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर वापरता येईल का? रेझिन तळाशी पांढरं झालंय, हार्डनर पिवळं. दुकानदार म्हणतो, हार्डनर थोडं जास्त टाका.

दुकानदाराचं शेवटचं वाक्य वाचलं नसतं तर मी उत्तर लिहायच्या भानगडीत पडलो नसतो.

इपॉक्सी म्हणजे दोन द्रव, रेझिन आणि हार्डनर; एकत्र कालवले की घट्ट होतात. आधी रेझिनचं. ते पांढरं, दाणेदार होणं म्हणजे बिघडणं नव्हे. आपल्या नागपुरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० च्या खाली उतरतो आणि कपाटातलं रेझिन रवाळ तुपासारखं थिजतं. झाकण घट्ट लावून डबा ५०-६० अंशांच्या पाण्यात ठेवा, पार नितळ होईपर्यंत. थोडे दाणे राहिले तर त्यांच्याभोवती परत जमतं. वापरण्याआधी गार होऊ द्या, नाहीतर हार्डनर पडताच घाईनं सेट होईल.

म्हातारं होतं ते हार्डनर. झाकण सैल राहिलं की हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. बाटलीच्या तोंडाशी पांढरी खपली धरली असेल तर ती त्याचीच. नुसतं पिवळं पडलं असेल तर काम होतं, फक्त कामही पिवळट दिसतं.

आता ‘थोडं जास्त’. आमच्या ताईकडे वडिलांच्या वेळची सागवानी टीपॉय आहे. वर काचेसारखा थर द्यायचा भाऊजींच्या मनात आलं. बाटल्या जुन्या, हार्डनर तांबूस. मी वजनकाटा घेऊन गेलो होतो. भाऊजींनी काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांची अख्खी नोकरी हिंगण्याच्या एमआयडीसीत फायबरच्या टाक्या करण्यात गेलेली. म्हणाले, "तू मले शिकवून राहिला का? जुना माल हाय, थोडं जास्त टाकलं तर काय होते?" आणि अंदाजानं ओतलं.

काय होते ते आठवड्यानं दिसलं. थर वरून टणक वाटे, पण तळहात टेकवला की चिकटे. कोणीतरी त्यावर पेपर ठेवला, तो निघता निघेना. शेवटी सोलून काढला तर मंगल कार्यालयाची जाहिरात उलट्या अक्षरांत टीपॉयवर उमटलेली. ताईनं वर टेबलक्लॉथ टाकला. भाऊजींचा निकाल ठरलेला: माल जुना होता.

माल जुना होता, पण दोष त्याचा नव्हता. उरलेल्या त्याच दोन बाटल्यांमधलं मी काट्यावर मोजून, बाटलीवरच्या प्रमाणात, एका झाकणात ओतलं. दुसऱ्या दिवशी नखाचा ओरखडा उठेना. ते झाकण मी भाऊजींच्या हातात दिलं. त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "एवढुश्या झाकणात काय, कोणाचंही जमते." वाद अजून चालू आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

भाऊजींचा हात पॉलिएस्टर रेझिनवर बसलेला. त्यात वेग वाढवणारं कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट पडतं, कॅटॅलिस्ट तेही १-२ टक्के. ते नुसती सुरुवात करून देतं, म्हणून थोडं जास्त पडलं की लवकर घट्ट होतं. इपॉक्सीचं हार्डनर हा कॅटॅलिस्ट नाही, तो मालाचाच भाग आहे. रेझिनच्या रेणूच्या प्रत्येक टोकाला हार्डनरचा जोडीदार लागतो. जोड्या लागून संपल्या की जास्तीचं हार्डनर आत मोकळंच राहतं, थर मऊ पडतो आणि पावसाळ्यात वर चिकट पांढुरका थर येतो. एलवाय ५५६ हे रेझिन आणि एचवाय ९५१ हे हार्डनर, ही जोडी १०० ग्रॅमला १० ग्रॅम अशी मोजतात. तिथे १५ टाकले म्हणजे औदार्य नाही, नासाडी आहे. आणि जुन्या हार्डनरचा जोर किती उतरला हे डोळ्यांना दिसत नाही, मग ‘थोडं’ म्हणजे किती हे दुकानदाराला तरी कुठून कळणार?

म्हणून तुम्हीही झाकणातच करून बघा. डब्यावर प्रमाण वजनाचं आहे की मापाचं ते नीट वाचा, दोन्ही एकच नाहीत. कडा खरवडत सावकाश ढवळा आणि रात्रभर सोडा. दुसऱ्या दिवशी नख रुतलं तर आणखी एक दिवस द्या, थंडीत उशीर लागतोच. तरीही चिकट असेल तर हार्डनर गेलं.

काय बनवायचंय ते तुम्ही लिहिलेलं नाही. कूलरची टाकी आतून सांधायची असेल तर पिवळेपणाची चिंता कशाला? पण नावाची पाटी किंवा पांढरं काही असेल तर नवी जोडी आणा. नुसतं दुसऱ्या कंपनीचं हार्डनर आणून जुन्या रेझिनमध्ये घालू नका, प्रमाणच बदलतं.

हे आधी लिहायला हवं होतं: हातमोजे घाला, हार्डनर कातडीला वाईट. मे महिन्यात एकाच ग्लासात पाव किलो कालवू नका, तापून धूर निघतो. थोडं थोडं कालवा, पसरट भांड्यात. आणि डब्यावर पॉलिएस्टर लिहिलेलं निघालं तर वरचं सगळं विसरा. ते बंद डब्यातही आपोआप गोठतं, चार वर्षांचं तर हमखास. त्याचं कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट कधीच मिसळू नका, स्फोट होतो. हे भाऊजींनीच शिकवलं, आणि इथे ते शंभर टक्के बरोबर आहेत.