विझलेला कण मेलेला असतो का?

प्रश्न : मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकाचा एकटा क्वांटम डॉट, म्हणजे काही नॅनोमीटरचा कण, प्रकाश देता देता विझतो आणि पुन्हा लागतो, असं वाचलं. लेझर तर सतत चालू असतो, मग असं का? तो कण खराब झालेला असतो का?
– एक शिक्षिका, सदाशिव पेठ

उत्तर : बाई, बहुतेक वेळा तो धडधाकट असतो. काळ्या पडद्याआड बसून मी हे कण कितीतरी रात्री पाहिले आहेत. काचेवर हिरवे ठिपके असतात. त्यातला एक गप्प होतो, मनात पाच मोजेपर्यंत तिथे अंधार, आणि मग पुन्हा तसाच लख्ख. अजूनही माझा श्वास तेवढा वेळ अडकतो.

सीझियम, शिसं आणि ब्रोमिनचा हा स्फटिक जेमतेम १० नॅनोमीटरचा. निळा लेझर पडला की इलेक्ट्रॉन वर उडी मारतो, खाली रिकामी जागा राहते. दोघांची पुन्हा गाठ पडली की एक हिरवा फोटॉन निघतो. पण कधी एखादा इलेक्ट्रॉन पृष्ठभागावरच्या दोषात अडकून पडतो आणि आत जास्तीचा प्रभार उरतो. मग पुढच्या जोडीची ऊर्जा तो प्रभारच गिळतो आणि तिची उष्णता होते. अडकलेला परतला, की कण लागतो.

पर्वतीवरून रात्री शहर पाहिलंत तर एखाद्या घरातला दिवा गेलेला कळत नाही. असंख्य कण असलेल्या द्रावणाच्या बाटलीचं तसंच. म्हणून कण एकेकटा गाठावा लागतो. तो खरोखर एकटा आहे ना, हे बघायला त्याचा प्रकाश अर्धपारदर्शक आरशाने दोन संवेदकांकडे वाटतात. एकटा कण एका वेळी एकच फोटॉन सोडतो, त्यामुळे दोन्हीकडे एकदम नोंद जवळजवळ होतच नाही.

कॅडमियम सेलेनाइड या दुसऱ्या पदार्थाच्या डॉटचं लुकलुकणं १९९६ पासून माहीत आहे. आपल्या पुण्यातल्या पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेने आयआयटी मुंबईसोबत २०१५ मध्ये दाखवलं, की पेरोव्हस्काइटचे बहुतेक कण त्या मानाने बराच जास्त वेळ लागलेले राहतात. याचा मला फार अभिमान वाटतो.

खराब होणं वेगळं. जुलैतल्या दमट हवेत, प्रकाशाखाली कण कडेने झिजत जातो, आणि आकार घटला की हिरवा रंग निळ्याकडे सरकतो. असा सरकत गेलेला ठिपका विझला, तर मी त्याची वाट पाहत नाही. रंग न बदलता विझला, तर कॅमेरा चालूच ठेवते.